थांबवलेली हळद

हळद लागलेल्या नवरदेवानं गावाची शिव ओलांडायची न्हाई, हे आमच्याकडं लहान लेकरालाबी ठाऊक हाय. पाटावरून उठला की त्याच्या हातात कट्यार देतात, कट्यारीच्या टोकाला लिंबू टोचतात, अन् लग्न लागेस्तोवर तो एकटा विहिरीवरबी जात न्हाई. कोण म्हणतं नजर लागती, कोण म्हणतं वारं लागतं. मला इचाराल तर नवरदेवानं दोन दिवस गपगुमान घरी बसावं म्हणून कुण्या हुशार म्हातारीनं ही युक्ती काढली असंल. ते काही का असंना, नियम म्हणजे नियम. अन् आमच्या भारतनं तो मोडायचं ठरवलं, तेबी भर मांडवात, सगळ्या गावाला सांगून.

मी गोजरबाई, भारतची आत्या. त्याची आई तो रांगत होता तवाच गेली. नवरा वारल्यावर मी आधीच भावाच्या घरी आल्ते, त्यामुळं पोरगं माझ्याच कडेवर वाढलं. त्याचा बाप, म्हणजे माझा भाऊ रखमाजी, लई गुणाचा माणूस, पण बोलायची वेळ आली की मूग गिळून बसणार. मंग घरातलं सगळं बोलणं माझ्याच वाट्याला आलं. लोक म्हणतात गोजरबाईचं तोंड लई चालतं. म्हणू द्या. न्हाई चाललं असतं तर ह्या घराचं काय झालं असतं ते मला माहीत हाय.

भारत फौजेत हाय. तिकडं काश्मिरात, बराबर सीमेवर, तारेच्या कुंपणाला लागून त्याची चौकी. पहिल्यांदा सुट्टीवर आल्ता तवा मी इचारलं, बाबा, दिवसभर गोळ्याच झाडता का रे तुम्ही? तो हसला. म्हणला, "आत्या, ज्वारी निसवली की आपण रानात जागल करतो का न्हाई? डुकरं काही रोज येत न्हाईत. पण आपण रोज जागतो म्हणून येत न्हाईत. तसंच हाय ते. तारेच्या कडंनं चालायचं, जमीन पाह्यची, कुणाचं पाऊल उमटलंय का, तार कुठं ढिली झाली का. धुकं पडलं की जास्त जागायचं. काही घडलं न्हाई म्हणजे आमचं काम बराबर झालं." ते ऐकल्यापासून माझ्या जीवाला जरा बरं वाटलं. जागल मला कळती. मी स्वतः केलीया.

त्याच्यासाठी पोरगी मीच पाह्यली. तृप्ती, राजूरची. तिचा बाप रामप्रसाद, गणपतीच्या देवळापाशी त्याचं नारळ-पेढ्याचं दुकान. चतुर्थीला तिथं पाय ठेवायला जागा नसती, तवा ही पोरगी गल्ल्यावर बसून एकटी सगळी गर्दी सांभाळती. एक गिऱ्हाईक नारळ सडका निघाला म्हणून तिच्या अंगावर आलं. हिनं बिलकुल आवाज न चढवता दुसरा नारळ दिला अन् म्हणली, "देवाला राग न्हाई आला, मंग तुम्हाला कामून आला?" मी तिथंच घरच्यांना म्हणलं, ही पोरगी आपली.

साखरपुडा झाला. लग्न मे महिन्यात धरलं. अन् नेमकं तवाच सीमेवरचं गरम झालं. टीव्ही लावला की तेच. कोट घातलेली माणसं एसीत बसून अशी आरडून राह्यली होती की जसं लढायला त्यांनाच जायचंय. मी टीव्हीची वायरच काढून ठेवली. लग्नघरात असला आवाज कशाला?

हळदीच्या दिवशी सकाळपासून मांडवात बाया. मी विधवा बाई, हळदीला हात लावत न्हाई, म्हणून मागं चुलीपाशी पुऱ्या तळून राह्यल्ते. तिथून सगळं दिसत होतं. भारत पाटावर बसल्ता, बाया त्याला हळद फासून राह्यल्या होत्या अन् तो लाजून लाजून पार बारीक झाल्ता. फौजी म्हणे. मला लई हसू आलं, अन् लई बरं वाटलं. त्याच्या आईला पाह्यला मिळालं न्हाई याचं वाईटबी वाटलं.

आमच्यात आधी नवरदेवाला हळद लागती. त्याच्या अंगाला लावून उरली ती उष्टी हळद. ती वाटीत घेऊन आमच्या बाया वाजत गाजत नवरीच्या घरी जातात अन् तीच तिला लावतात. एकदा ती लागली की पोरगी अर्धी त्या घरची झाली. मंग पुढं लग्न मोडलं, नवरदेवाला काही झालं, तर लोक नावं ठेवणार पोरीलाच. पांढऱ्या पायाची म्हणणार. म्हणून ती वाटी घरातून निघणं म्हणजे खेळ न्हाई.

वाटी भरली, वर हिरवं फडकं बांधलं, बाया गाडीत बसायला निघाल्या, अन् भारतचा फोन वाजला. गालाला हळद म्हणून त्यानं फोन कानापासून लांब धरला अन् उभाच राह्यला. पाठ एकदम सरळ. "जी साब" एवढंच म्हणला. तेबी दोनदा. माझ्या हातातला झारा तिथंच थांबला.

फोन ठेवून त्यानं आधी पाणी मागितलं. मंग सगळ्यांकडं पाहून म्हणला, "सुट्टी रद्द झाली. सगळ्यांना माघारी बोलावलंय. उद्या दुपारी जालन्याहून सचखंड एक्सप्रेसनं निघावं लागंल."

लग्न परवा होतं. डीजेवाला आला होता, त्यानं पेटी मिटली. मी मनातल्या मनात त्याला म्हणलं, पहिल्यांदा शहाण्यासारखा वागला बाबा.

अन् काय नवल, रखमाजी बोलला. म्हणला, "जालन्याला जाताना राजूर वाटंतच हाय. उद्या सकाळी गणपतीसमोर लग्न लावू. पाच माणसं पुरे. मंग पोरगं गाडी धरंल." सगळ्यांना ते पटलं. बायांनी परत पदर खोचले. माझाबी जीव भांड्यात पडला. देवाच्या दारात लग्न, त्यात कमी काय हाय?

भारत म्हणला, "न्हाई. लग्न आता न्हाई. अन् ती हळद थांबवा. राजूरला जाऊ देऊ नका."

एवढं बोलून तो मागं गोठ्याकडं निघाला, हातात कट्यार, कट्यारीला लिंबू. माझं डोकं असं सणकलं की पुऱ्या कढईतच टाकून मी त्याच्या मागं गेले.

म्हणलं, "हळदीच्या अंगानं शिव ओलांडायची न्हाई, ते गेलं खड्ड्यात. वरून लग्नबी न्हाई? साहेबाला सांगता येत न्हाई का तुला, हळद लागलीया म्हणून? तुझ्याशिवाय फौज अडली का?"

तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. म्हणला, "फौज न्हाई अडली आत्या. पण माझ्या जागी जो उभा हाय तो दोघांची जागल करून राह्यला. तिकडं आता रात्रीतून कधीबी काहीबी येऊ शकतं. मी गेलो की तो जरा झोपंल."

जागल मला कळती म्हणलं ना. मी म्हणलं, "बरं, जा. मंग लग्न लावून जा."

"अन् माझं काही झालं तर?"

"तोंड सांभाळ."

"आत्या, तुला राग येईल, पण ऐक. दुसऱ्याचं कशाला सांगू. मी तुलाच पाहत मोठा झालो. घरात हळदी-कुंकवाच्या बाया आल्या की तू मागच्या दारानं इथं गोठ्यात यायची. मी तुझ्यामागं यायचो. कित्येक वर्षं मला वाटायचं, आत्याला म्हशी लई आवडतात." म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत तो म्हणला, "मला तृप्तीला गोठ्यात बसवायचं न्हाई. मी परत आलो तर लग्न करू. न्हाई आलो तर ती मोकळी."

मला वाटायचं पोरगं लहान हाय, त्याला काय कळतं. मी खाली मान घालून उगाच दावणीचा चारा सारखा केला. मंग इचारलं, तिला फोन केला का? म्हणला, लावला, पण ती उचलंना. उचलंल कशी? ती तिकडं पाटावर बसून आमच्या हळदीची वाट पाहून राह्यली असंल.

असली गोष्ट फोनवर सांगायची बी नसती. अन् सांगायला जाणार कोण? रखमाजीनं जमिनीकडं पाह्यलं. बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. मंग मी गल्लीतल्या ऑटोवाल्या भिवाला म्हणलं, ऑटो काढ. रिकाम्या हातानं बसले अन् निघाले. वाटंत भिवानं दोनदा काहीतरी इचारलं, मी हूं का चूं केलं न्हाई. गोजरबाई गप बसली म्हणून तोबी घाबरला असंल.

रामप्रसादच्या दारात ऑटो थांबला तवा आत गाणी चालू होती. बायांनी आधी माझ्याकडं पाह्यलं, मंग माझ्या हाताकडं. विधवा बाई, एकटी, अन् हातात वाटी न्हाई. गाणं तिथंच बंद पडलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फिरवून फिरवून बोलायला मला येत न्हाई. सुट्टी रद्द झाली, उद्या तो निघाला, लग्न आता न्हाई, हळद थांबवलीया, अन् कामून थांबवलीया तेबी.

तृप्तीची आई पुष्पाबाई भिंतीला टेकून खालीच बसली. रामप्रसाद खांद्यावरच्या उपरण्यानं नुसतं तोंड पुसत राह्यला. पण पोरीचा काका लगेच म्हणला, "एका परीनं बरंच झालं. हळद लागली न्हाई. पोरगी मोकळी हाय आपली." दोन-तीन बायांनी मान हलवली. बराबर हाय, मोकळी हाय. नवरदेव समजदार निघाला. असं म्हणता म्हणता सगळ्यांचे चेहरे जरा सैल झाले, अन् मला त्याचा इतका राग आला की सांगता सोय न्हाई. पण राग कुणावर काढणार? भारतला पाह्यजे होतं तेच तर होऊन राह्यलं होतं.

तृप्ती पाटावर बसलेली. पिवळी साडी, हात मोकळे. ती उठली, माझ्या हाताला धरलं अन् आतल्या खोलीत नेऊन दार लोटलं. मला वाटलं रडंल. रडली न्हाई.

म्हणली, "आत्याबाई, एक इचारू? खरं सांगाल?"

म्हणलं, "इचार."

"तुमचं लग्न झालंच नसतं तर बरं झालं असतं का?"

इतक्या वर्षांत मला कुणी हे इचारलंच नव्हतं. बिचारी, नशिबाची फुटकी, असं म्हणायचे. पण तुला काय वाटतं गोजरे, हे कुणी इचारलं न्हाई.

आमचे मालक उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस टाकायचे. दोन हंगाम माझा संसार झाला, तिसऱ्या हंगामात गाडी उलटली. घराच्या वळणावर आले की ते हॉर्न वाजवायचे. लांब एक अन् जवळ एक. सासू म्हणायची, गाव उठवतो मेला. माझे हात पिठात असले तर तसल्याच हातानं मी दारात जायची.

हे सगळं मी तिला सांगितलं. मंग म्हणलं, "न्हाई पोरी. बरं झालं नसतं. पुढं लई सोसलं, ते खोटं न्हाई. पण तो हॉर्न दुसऱ्या बाईच्या दारात वाजला असता तर मला चाललं नसतं."

"अन् ते गेले तवा?"

"तवा रडले. अंगणात बसून छाती पिटून रडले. सगळी गल्ली गोळा झाली. नवऱ्यासाठी रडणाऱ्या बाईला कोण अडवतं?"

ती उठली, चपला घातल्या अन् बाहेर येऊन बापाला म्हणली, "मी आत्याबाईंसोबत जाऊन येते." काका म्हणला, नवरी नवरदेवाच्या गावाला जात असती का? रामप्रसादनं त्याचा हात धरला. म्हणला, "जाऊ दे तिला." दुकानात बसून बसून त्या माणसाला आपली पोरगी चांगली कळली होती.

नवरी लग्नाआधी नवरदेवाच्या मांडवात, असं आमच्या गावानं कवाच पाह्यलं नव्हतं. ऑटोतून ती उतरली तसं बायांनी तोंडाला पदर लावले. भारत बापापाशी बसून पिशवी भरून राह्यला होता. तिला पाहून उठला. कट्यार अजून हातात होती, ती कुठं ठेवावी त्याला कळंना.

तृप्ती त्याच्यापुढं उभी राह्यली. आवाज चढवला न्हाई. दुकानात बोलती तशीच बोलली.

"तुम्ही मला मोकळी ठेवून चालले म्हणं. साखरपुड्यापासून रोज तुमच्याशी बोलले. चौकीवर रेंज न्हाई म्हणून दिवस दिवस फोनकडं पाहत बसले. तवा मी मोकळी होते का? तुम्ही काम टाकून राहा म्हणायला मी आले न्हाई. जा. तिथं माणूस पाह्यजे, ते मला कळतं. पण उद्या खरंच काही झालं तर आत्याबाई रडतील, मामंजी रडतील, सगळं गाव गोळा होईल. अन् मी? मी राजूरला नारळ इकत बसू? डोळ्यात पाणी आलं तर घरचे म्हणतील, पूस जल्दी, लोक पाहून राह्यले, तुझा कोण होता तो. मी कोण म्हणून रडायचं तेवढं सांगा, अन् मंग जा."

रखमाजीच्या डोळ्यातून पाणी गळून राह्यलं होतं, पुसायचंबी त्याला सुचलं न्हाई. भारतची मान खाली गेली. वाटलं, आता हा परत न्हाईच म्हणतो. पोरगं माझं हाय, पण त्या घडीला मी पुरती तिच्या बाजूनं होते.

मंग मान वर करून तो म्हणला, "सकाळी किती वाजता येऊ?"

ती म्हणली, "आमचं दुकान दिवस उगवायच्या आधीच उघडतं. कवाबी या."

कुणीतरी हळदीची वाटी आणली, पण पुढं व्हायला कुणी धजंना. तृप्तीनं फडकं सोडलं, दोन बोटं बुडवली अन् आपल्याच हातानं आपल्या गालाला हळद लावली. एक म्हातारी म्हणली, असं करत न्हाईत. मी म्हणलं, "आज करतात."

दुसऱ्या दिवशी राजूरला लग्न लागलं. मोजकी माणसं, पेढे रामप्रसादच्याच दुकानातले. तिथून सरळ जालन्याला. भारत हळदीच्या अंगानं सगळ्या शिवा ओलांडून गेला, अन् त्याला काही झालं न्हाई. थोड्या दिवसांनी तिकडचा गोळीबार थांबला, पण सुट्टी काही लवकर सुटली न्हाई. तो म्हणला, सगळं शांत झालं की आमची जागल वाढती आत्या. पोळ्याला घरी आला. तवापासून जाणं-येणं चालू हाय.

तृप्ती आता आमच्याकडंच असती. घरातलं बोलणं आम्ही दोघींनी वाटून घेतलंय. सुट्टी संपवून भारत निघाला की ती जालन्याच्या स्टेशनावर रडती. कोपऱ्यात जाऊन न्हाई, तोंडाला पदर लावून न्हाई, भर फलाटावर, गाडी दिसंनाशी होईस्तोवर. मागच्या खेपेला बाकड्यावरची एक बाई मला म्हणली, अहो, समजवा तिला, सगळे पाहून राह्यले. मी म्हणलं, "पाहू द्या. नवरा हाय तिचा."